हिरव्या पानांचा पूल

मुलांनो, सरळ बसा. खुसखुस नको. गोष्ट एकदाच सांगेन.

एका जंगलात एक दरी होती. अलीकडचा चारा संपला होता. पलीकडे बांबूचे बन होते. माकडे वेलींचे पूल बांधत आणि गवा ते तपासत असे. तो पुलावरून चालत जाई. पलीकडे पोचला तर पूल चांगला. नाही पोचला तर माकडांना शिव्या. मात्र एका पुलाला त्याचा अर्धा दिवस जाई.

एकदा सायाळ शहरातून परतली. वाघमहाराजांना म्हणाली, "महाराज, शहरात संगणकावरच्या चाचण्यांचा कोड कोणी हाताने लिहीत नाही. एक साचा करतात. त्यात रिकाम्या जागा ठेवतात. तिथे काय भरायचे, ते एका फाईलमध्ये असते. कळ दाबली की हजार चाचण्या तयार."

"आपल्याकडे कळ कुठे आहे?"

"खारी आहेत की!"

तिने लाकडाचा ठसा कोरला: 'अमक्याला पुलावर चालवा. शेवटी पूल तमका असला पाहिजे.' अमका आणि तमका कोण, ते एका पानावर लिहिले. ओझे: उंदीर. अपेक्षा: उभा.

"उंदीर का?" गव्याने विचारले.

"साचा चालतो का ते बघायला. नंतर बदलू."

मुलांनो, नंतर कोणी काही बदलत नसते.

खारींनी धडाधड ठसे मारले. उंदीर पुलांवरून पळून पळून दमला. पूल पास झाला की खारी त्याच्या वेलीला हिरवे पान खोचत. सगळे पूल हिरवेगार झाले. वाघमहाराज खूश झाले. गव्याला घरी पाठवले.

गजराबाई हत्तीण उपाशी होती. ती पुलाशी आली.

"सायाळबाई, मला पेलेल ना हा?"

"गजराक्का, हिरवी पाने मोजा."

"पाने मी खाते. मोजत नाही."

तरी तिने पाय टाकला. बांबू दिसत होता ना. मध्यावर पोचली आणि वेली तुटल्या. पुलासकट बाई खालच्या चिखलात. मान तेवढी वर.

वाघमहाराज धावत आले. "सायाळे, हे पास कसे?"

सायाळीने शांतपणे पान मागवले. काट्याने जुने खरवडून नवे लिहिले. ओझे: हत्तीण. अपेक्षा: मोडलेला.

खारींनी ठसा मारला. दरीत डोकावून पाहिले. पूल मोडलेला होता.

"पास!" खारी ओरडल्या.

"अगं भवाने, मी पडलेय इथे!" खालून गजराबाई.

"पडलात ना? अगदी अपेक्षेप्रमाणे पडलात," सायाळ वरून म्हणाली.

महाराजांनी मान डोलावली.

गजराबाईने सोंड फिरवली. तुटक्या वेलींना खोचलेली हिरवी पाने हाताशी होती. तिने एकेक करून सगळी खाल्ली. त्या चाचण्यांचा कोणाला झालेला तेवढाच उपयोग.

तात्पर्य: पूल दुरुस्त करायला माकडे लागतात, वेली लागतात. अपेक्षा दुरुस्त करायला एक ओळ पुरते. शहाण्याने ओळच दुरुस्त करावी. आणि गव्याला घरीच ठेवावे. तो प्रश्न विचारतो.