मोकळा हॉल

म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून काय करावं, हे मला विचारा. मी आरोग्य केंद्रात आरोग्यशिक्षक आहे. या विषयावरचं व्याख्यान मला इतकं पाठ आहे की, बायको म्हणते, मी झोपेतही 'उठताना आधी पलंगाच्या काठावर बसा' असं बजावतो. सतरंज्या गुंडाळा, वायरी भिंतीला लावा, चालायची वाट मोकळी ठेवा! लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन त्याच सतरंजीला अडखळतात.

म्हणून ठरवलं, तोंडाची वाफ पुरे झाली. आपलंच घर आदर्श करायचं आणि सगळ्यांना बोलावून दाखवायचं.

घरात बाबा होतेच. ते मागे न्हाणीघरात घसरले, तेव्हा मी काठी आणली होती. "काठी म्हाताऱ्यांना लागते," असं म्हणून त्यांनी ती दाराआड उभी केली. रोज सकाळी ते खोलीतून निघायचे आणि हॉल ओलांडून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचे. जाता जाता कपाटावरून, शिलाई मशीनवरून, सोफ्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, "धूळ आहे." मग दिवसभर रस्त्यावरून जाणाऱ्यांवर टीका. हा त्यांचा संसारातला उरलेला कारभार, आणि तो ते मन लावून करायचे.

आई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, तेवढ्यात मी डाव साधला. कपाट मागच्या खोलीत, मशीन माळ्यावर, सोफा पार पलीकडच्या भिंतीला. हॉल असा झाला की लग्नाला भाड्याने द्यावा! परतल्यावर बाबांच्या डोळ्यांत औषध होतं, त्यामुळे आईने त्यांना हात धरून थेट खोलीत नेलं.

दुसऱ्या दिवशी बाबा बाहेर आलेच नाहीत. चहा खोलीत मागवला, जेवण खोलीत मागवलं.

"बाबा, हॉल बघायला या ना."

"इथून दिसतोय. छान आहे. ओसाड आहे."

"रुसलेत," आई म्हणाली. "त्यांना न विचारता कपाट हलवलंस. आता बस मनधरणी करत."

मी मनधरणी केली. बायकोने त्यांच्या आवडीची भाजी केली. ती त्यांनी पलंगावर बसून चाटूनपुसून खाल्ली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. आईने ताईला फोनवर सांगितलं की बाबा खोलीबाहेर येत नाहीत. ताईने काकांना सांगितलं की बाबांना खोलीबाहेर येऊ देत नाहीत. काकांचा फोन आला तेव्हा प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलं होतं.

"बापाला कोंडतोस? लाज वाटत नाही?"

"काका, मी फक्त फर्निचर हलवलं."

"म्हणजे घरही विकायला काढलंस?"

आणि इकडे माझ्या व्याख्यानांना येणारी म्हातारी मंडळी आदर्श घर पाहायला येऊन ठेपली! निवृत्त मुख्याध्यापिकाबाई सगळ्यांच्या पुढे. मी वाट दाखवली, दिवे दाखवले, न्हाणीघरात धरायला बसवलेली दांडी दाखवली आणि मग मोठ्या ऐटीत हाक मारली, "बाबा, या जरा."

बाबा दारात आले. अंगात धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले. त्यांनी पाऊल उचललं, तसा उजवा हात आपोआप वर गेला, जिथे कपाटाचा कोपरा असायचा तिथे. बोटांनी हवा चाचपली. पाऊल मागे गेलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज सकाळी हा माणूस धूळ बघत नव्हता. कपाट धरून मशीनपर्यंत, मशीन धरून सोफ्यापर्यंत, असा तो खिडकी गाठत होता. गावभर शहाणपण वाटत फिरणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. आणि खुर्ची समोर दिसत असूनही तिथवर जाता येत नाही, हे सांगायचं नाही म्हणून ते रुसून बसले होते. मला फार वाईट वाटलं.

मी धावत जवळ गेलो.

"हात दे," ते पुटपुटले. "आणि तोंड बंद ठेव."

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चल, धर मला. तुझी चाल काही ठीक दिसत नाही."

आम्ही निघालो. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास घेतला, तोही कोणाला कळू नये असा. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"प्रात्यक्षिक उत्तम," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "वाट मोकळी, आणि मधे धरायला मुलगा. दांडी काय, दुकानात मिळेल. पण आमच्या मुलांना कुठे वेळ असतो? असा मुलगा आणायचा कुठून?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. मान न वळवता म्हणाले, "हाच घेऊन जा. मला माझं कपाट परत द्या म्हणजे झालं."