लक्ष्याला साजेसा गुडघा

एका रंगाऱ्याच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटली आणि आमच्या रुग्णालयाने या घटनेची अत्यंत गांभीर्याने दखल घेतली. त्याचा पाय मुळातच बाहेरच्या बाजूला वाकलेला. त्यामुळे अंगाचा सगळा भार गुडघ्याच्या आतल्या अंगावर पडायचा आणि तिथलीच गादी गेली. उपाय सरळ होता. नडगीचं हाड थोडं कापायचं, पाय सरळ करायचा, भार दुसरीकडे वळवायचा. किती सरळ करायचा, म्हणजे भाराची रेघ गुडघ्यात नेमकी कुठून न्यायची, एवढंच ठरवायचं होतं. त्यासाठी अक्षनिश्चिती समिती नेमण्यात आली. हाडांचे दोन डॉक्टर, एक थोरले आणि एक धाकटे, तिचे सदस्य. मी तिचा सचिव. अध्यक्षपदी रुग्णालयाचे व्यवस्थापक होते. हाडांशी त्यांचा संबंध आला असेल तो फक्त ताटात.

"भाराची रेघ मध्यापासून चांगली बाहेर न्या," थोरले डॉक्टर म्हणाले. "माझ्या गुरूंनी जन्मभर तेच केलं."

"सर, तेव्हा हाडं झिजलेले म्हातारे यायचे," धाकटे डॉक्टर म्हणाले. "इथे नुसती गादी फाटलीय. रेघ मधोमधच हवी. नवं संशोधन वाचा."

"मी संशोधन वाचत नाही, करतो!"

बैठक तहकूब झाली. बाहेर बाकावर बायकोसोबत बसलेल्या रंगाऱ्याने दारातून डोकं आत घातलं. "साहेब, मला शिडी चढता येईल ना? तेवढं झालं तरी बास."

"ती तुमची इच्छा झाली," व्यवस्थापक समजावणीच्या सुरात म्हणाले. "लक्ष्य वेगळं. ते आम्ही ठरवतो."

पुढच्या बैठकीपर्यंत जुना एक्स-रे शिळा झाला म्हणून नवा काढला. त्यात पाय आणखी वाकलेला निघाला आणि आधीची सगळी चर्चा नियमानुसार बाद ठरली. शिकाऊ डॉक्टरांत बाहेरवाले आणि मधवाले असे दोन तट पडले. मधवाल्यांनी कॅन्टीनमधली मधली टेबलं बळकावली. थोरले आणि धाकटे एकमेकांना पाहून जिना बदलू लागले. रंगारी कुबड्या घेऊन येत राहिला, दर खेपेला नवा एक्स-रे, दर खेपेला नवा वाद.

शेवटी त्याची बायको तणतणत आत शिरली. "अहो, कुठलीही रेघ धरा, पण धरा एकदाची! तोवर गुडघाच उरायचा नाही."

"बाई, घाईत चुकीचं लक्ष्य ठरलं तर तुमच्या नवऱ्याचं नुकसान होईल."

"नुकसान होतंच आहे की!"

"होतंय," व्यवस्थापक म्हणाले, "पण चुकीच्या लक्ष्यामुळे नाही."

अखेर त्यांनीच तोडगा काढला. थोरल्यांनी थोडं आत यावं, धाकट्यांनी थोडं बाहेर जावं. दोघांनी तोंड वाकडं करून मान डोलावली, टाळ्या झाल्या आणि रुग्णाला सन्मानाने आत बोलावण्यात आलं. ताज्या एक्स-रेमध्ये गादी राहिलीच नव्हती. हाडावर हाड घासत होतं. आता पाय सरळ करून उपयोग नव्हता, सांधाच बदलायला हवा होता. ते काम शेजारच्या विभागाचं. नवा सांधा कुठल्या रेघेत बसवावा यासाठी तिथेही समिती नेमली जात असून सचिवपदासाठी मला विचारणा झाली आहे.

परवा रंगारी आमचीच बैठकीची खोली रंगवायला आला होता. म्हणजे खालची भिंत त्याने रंगवली होती. वरच्या भिंतीसाठी बायको शिडीवर चढली होती आणि तो दोन्ही हातांनी शिडी धरून, "सांभाळून गं, सांभाळून," म्हणत होता. वर मात्र एकदाही बघत नव्हता. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

समितीलाही वाटलं. एवढ्या कष्टाने एकमताने ठरलेलं लक्ष्य वाया जाणार होतं! म्हणून या लक्ष्याला साजेसा गुडघा शोधावा, असा ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला. पाय किंचित वाकडा, गादी जराशी फाटलेली आणि दुखणं अजून अंगावर काढण्याजोगं, एवढ्याच अटी आहेत. तेव्हापासून आम्ही सगळे आळीपाळीने खिडकीत उभे असतो.

तुम्ही जिना उतरताना कठडा धरता. कुणी विचारलं तर सवय म्हणून सांगता. एकदा येऊन जा. वेळ लागणार नाही. तुमचं काय करायचं ते ठरलेलं आहे.