हत्तिणीचं नहाण

लांगवानींनी बादलीत नाक घातलं आणि तोंड वाकडं केलं. "झेब्रॉन, हे आंघोळीचं पाणी आहे की लुआंग्वा नदीचा गाळ?"

"नदीचंच आहे, ब्वाना. दुसरं कुठून आणू?"

"लंडनची बाई आलीय. पुढच्या हंगामात पाहुणे पाठवायचे की नाही, ते ती ठरवणार. तिनं नाक मुरडलं की आपला सफारी कॅम्प बंद. मॅनेजर म्हणून मला लुसाकात कुठंही नोकरी मिळेल. तू जा मेहुण्याच्या मक्यात कुदळ मारायला."

मेहुण्याचं नाव निघताच झेब्रॉनचं डोकं भराभर चालू लागलं. त्याच्या पेटीत चोरून आणलेली संत्री होती. कॅम्पमध्ये संत्रं आणायचं नाही, हा पहिला नियम. वास लागला की हत्ती तंबूसुद्धा सोलून बघतात. पण नियम संत्र्यांचा होता, सालींबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यानं दोन संत्री खाल्ली आणि साली आंघोळीच्या पाण्यात उकळल्या.

बोरूच्या काड्यांच्या आडोशात, उघड्या आभाळाखाली बाई उभ्या राहिल्या. वर फांदीला तोटीची बादली. "वा, काय सुगंध!" म्हणत त्यांनी डोक्याला साबण चोळला, तोच पाणी संपलं.

"झेब्रॉन, पाणी!"

त्यानं दोर सोडून बादली उतरवली, भरली, पुन्हा चढवली.

"झेब्रॉन, परत संपलं!"

"बाई, जरा बेतानं घ्या की!"

"अरे, थेंब पडला नाही अंगावर!"

तिसऱ्यांदा बादली चढवताना त्यानं वर पाहिलं. आडोशापलीकडून आलेली सोंड निवांत पाणी ओढत होती.

"बाई, हलू नका. तुमच्या वाटणीचं भलतंच कोणी पितंय."

सोंड खाली आली, बाईंचं साबणानं माखलेलं डोकं हुंगलं, आणि हत्तिणीला अशी सणसणीत शिंक आली की सोंडेतलं सगळं पाणी बाईंवर! डोकं लख्ख. हत्तीण निघून गेली.

लांगवानी धावत आले. त्यांना बादलीत साली दिसल्या. "संत्री? गाढवा, बोचकं बांध!"

तेवढ्यात टॉवेल गुंडाळून बाई बाहेर आल्या. "पाहुणे पाठवते! पण त्यांना ही आंघोळ मिळालीच पाहिजे. उद्या मला पुन्हा हवी."

"आमची नेहमीचीच आहे," लांगवानी म्हणाले. मग हळूच झेब्रॉनला, "उरलेली आण इकडे. तुझा काय भरवसा, खाऊन टाकशील." संत्री त्यांनी स्वतःच्या खाटेखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाई डोक्याला साबण लावून तयार. लांगवानी संत्रं आणायला तंबूत गेले, ते येईनातच. मग कापड टरकल्याचा आवाज आला, पाठोपाठ किंकाळी.

"झेब्रॉन, धाव रे!"

झेब्रॉननं बादली उचलली आणि आडोशापाशी थांबून अदबीनं म्हणाला, "बाई, टॉवेल गुंडाळून या. आज आंघोळ मॅनेजरसाहेबांच्या तंबूत आहे."