साळिंदराचा शेवटचा काटा

इसवी सन १७७०, महिना नोव्हेंबर, ऋतू हेमंत. विलायतेतील एका जंगलात एक वृद्ध साळिंदर राहत असे. विलायतेतही जंगले असतात, मुलांनो. शंका मागाहून विचाराव्यात.

साळिंदर कादंबरीकार होता. अंगावरचा काटा उपटावा, शाईत बुडवावा आणि लिहावे, अशी त्याची पद्धत. त्याच्या नव्या कादंबरीतील कबुतरी पाच खंड खिडकीत बसून होती. तिला मागणी आली होती. तिचे उत्तर शेवटच्या प्रकरणात यायचे होते. शेजारची खार त्या उत्तरासाठी झुरत होती.

"साळिंदरकाका, होकार देते ना हो ती?"

"उद्या लिहितो, बाळ."

इतक्यात बगळेशास्त्री विद्वानांसह दारात आले. जंगलाने साळिंदराचा चरित्रकोश काढायचे ठरवले होते. लेखकाचे चरित्र लेखकाच्याच काट्याने लिहावे, असा तेथील रिवाज होता.

साळिंदर भिडस्त. तो पाठ पुढे करून बसला. जन्मस्थळाच्या नोंदीसाठी एक काटा गेला. न्याहारीच्या आवडीनिवडींसाठी मूठभर गेले. त्याला सर्दी नेमकी कोणत्या ओढ्याकाठी झाली, यावर विद्वानांत दोन पक्ष पडले. प्रत्येक पक्षाने स्वतंत्र जुडी नेली.

वसंत आला, तेव्हा पाठीवर एकच काटा उरला होता.

"हा नको," साळिंदर म्हणाला. "कबुतरीचे उत्तर लिहायचे आहे. नवे काटे उगवेपर्यंत मी काही टिकत नाही."

"अहो, आपल्याच कीर्तीचे काम!" शास्त्री दुखावले. "कोशात एकच नोंद उरली आहे."

"कोणती?"

"शेवटची कादंबरी अपूर्ण का राहिली, ही."

"पण ती अजून अपूर्ण राहिलेली नाही!"

"म्हणूनच तर नोंद अडली आहे."

"काका, देऊ नका!" खार ओरडली. परंतु दारी आलेल्याला नाही म्हणणे साळिंदराच्या घराण्यात नव्हते. काटा निघाला.

"मग कबुतरीचे काय?" खारीने रडत विचारले.

"कोण कबुतरी?" शास्त्री म्हणाले.

मंगळवार, दिनांक ७ मे १७७१ रोजी विद्वानांची सभा भरली आणि ती नोंद एकमताने कायम झाली : 'अखेरची कादंबरी अपूर्ण. कारण अज्ञात. लेखक आळशी असावा.'

तात्पर्य : मुलांनो, थोरांचे चरित्र लिहायला घेताना प्रथम त्यांचे लिहिणे बंद पाडावे, नाहीतर पुरवणी काढावी लागते.