चंद्री गाभण आहे

सामंतकाकांचा डावा हात म्हणजे जागृत देवस्थान, असं खुद्द सामंतकाकांचं मत. त्या हाताने ते पिशवीसुद्धा उचलत नाहीत. वर्तकनगरच्या बाजारातून भाजी उचलून आणायला काकू आहेतच.

काका गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. तेव्हापासून कल्याणला आमच्या तबेल्यावर दर पंधरा दिवसांनी हजर. खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा, म्हशीच्या मागून हात आत घालायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "गाभण." नाहीतर, "भाकड, काढ." अपील नाही. माजावर आल्यावर तीनदा रेड्याकडून भरवून गाभण राहिली नाही, की म्हैस बाजाराच्या गाडीत. "अरे, तबेला चालवतोस की वृद्धाश्रम?" हे वर.

हा कायदा माणसांनाही लागू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमनकडे बोट दाखवून म्हणाले, "ना दूध, ना गाभ. बदला!" चार वर्षं परीक्षा देणाऱ्या माझ्या भाच्याला म्हणाले, "हाही माज वाया घालवलास?" पोरगं अजून त्यांना बघून रस्ता बदलतं. एवढा गोड स्वभाव.

बरं, हात कधी चुकला नाही, हे मात्र मान्य करायलाच हवं.

मग आली चंद्रीची पाळी. दूध आटलेलं, तीनदा भरवलेली. मी गाडी सांगूनच ठेवलेली. त्या दिवशी काकू पहिल्यांदाच तबेल्यावर आलेल्या, खरवसासाठी चीक न्यायला. चंद्री बुजत होती म्हणून काकूंनीच दावं धरलं आणि तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. काकांनी डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटले.

"दोन महिन्यांची गाभण," म्हणाले. गाडी रद्द.

दीड महिन्याने चंद्री चक्क माजावर आली! गाभण म्हैस माजावर? माझं डोकंच फिरलं. तडक वर्तकनगर गाठलं.

"काका, हाताला काय झालं तुमच्या?"

काकांनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"हाताला काही नाही झालं. रिकामीच होती ती."

"मग?"

"आम्हाला मूल नाही, तुला माहितीये. माझी आई हिला जन्मभर भाकड म्हणायची. तोंडावर. मी तिथेच बसून जेवत असायचो रे, एकदाही बोललो नाही. त्या दिवशी ही दावं धरून उभी, आणि तोच शब्द माझ्या तोंडाशी आलेला. नाही म्हणवलं."

भांडायला गेलेलो मी.

आतून काकूंनी विचारलं, "कोण आलंय हो? तबेल्यावरचे का? चंद्री कशी आहे?"

काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"चौथा महिना लागला, काकू!" मी ओरडून सांगितलं.