खालच्या हवेचा खुलासा

हवा कितीही मोकळी असली तरी तिला विभाग हा असावाच लागतो. हवामान कार्यालयाने हे वेळीच ओळखून वातावरणाची शिस्तशीर वाटणी केली होती. खालची हवा तळमजल्याकडे. तिच्या वरचं स्थितांबर दुसऱ्या मजल्याकडे. (पहिल्या मजल्यावर आस्थापना शाखा आहे. तिथे हवा नाही.)

तळमजल्यावरच्या निरीक्षकबाईंनी एकतीस हिवाळ्यांचे नकाशे एकावर एक ठेवले, तेव्हा त्यांना दिसलं की थंडीतला जास्त दाबाचा पट्टा वर्षागणिक सरकतोय आणि तिथून उठणाऱ्या हवेच्या लाटा थेट स्थितांबराला ढुशा देतायत. दुसऱ्या मजल्यावर त्याच एकतीस वर्षांत स्थितांबर अधूनमधून एकाएकी तापत होतं आणि कारणाच्या रकान्यात दरवेळी 'अज्ञात' लिहिलं जात होतं. अक्षर बाईंच्या नवऱ्याचं होतं.

दोघं एकाच डब्यातून जेवत. जेवताना कार्यालयीन बाब काढायची नाही, हा नियम त्यांनी इमानेइतबारे पाळला होता. निवृत्तीला अठरा दिवस उरले, तेव्हा बाईंनी तो मोडला.

"अहो, तुमचं अज्ञात माझ्याकडे आहे. दोघं मिळून अहवाल देऊ. नाहीतर मी गेले की हे नकाशे रद्दीत जातील."

"पटतंय गं मला. पण तुझी हवा वर आली, त्याचं पत्र कुठंय?"

बाईंना हसू आलं नाही. एकतीस वर्षं पहाटे उठून घेतलेल्या नोंदी होत्या त्या. त्यांचा जीव त्यांत अडकला होता. त्यांनी दोघांच्या नावाने पत्र लिहिलं. साहेबांनी ते तातडीने (सतरा दिवसांत) निकाली काढलं, आणि निर्णयात खोट काढायला जागा ठेवली नाही:

१. खालच्या हवेने विनापरवानगी वर गेल्याबद्दल खुलासा करावा.
२. खुलासा येईपर्यंत स्थितांबराने तापू नये.
३. अर्जदार नवराबायको असल्याने त्यांचं एकमत हा पुरावा नसून घरगुती बाब समजावी. (अशी एकमतं दुर्मीळ असतात, हे साहेबांना स्वानुभवाने मान्य होतं.)

दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ झाला. साहेबांनी बाईंच्या चिकाटीचं तोंड भरून कौतुक केलं. बाईंनी नकाशे टेबलावर पसरून विचारलं, "कुणाला बघायचेत का?" खोलीत बाईंखेरीज अडतीस माणसं होती. सदतीस केककडे वळली. अडतिसावा नवरा होता. तो हळूच म्हणाला, "घरी बघू."

काय एकेक माणसं, असं तुम्हीही म्हणाला असाल. साहेब कसे, नवरा कसा, हे तुम्ही केव्हाच ठरवून टाकलंत. थंडीतला तो पट्टा नक्की कुठे सरकला, हे मात्र तुम्हीही बाईंना विचारलं नाहीत.