वरच्या मजल्यावरचे किब्बे

नखलेने डिजिटल पियानो घ्यायचा ठरवला, तो घरमालकिणीच्या धाकाने. खालच्या मजल्यावरच्या उम्म शाहीनने भाडेकरू ठेवतानाच बजावलं होतं, "वाद्य ऐकू आलं, की घर खाली!" आणि झहले गावातल्या नदीकाठच्या हॉटेलात दोन आठवड्यांनी नखलेला पियानो वाजवून दाखवायचा होता. जमलं तर कायमची नोकरी!

दुकानात तो नुसता हरखून गेला. बायकोने, सलवाने, काखोटीला मारून नेता येईल असा हलका पियानो पसंत केला.

"जिना कोण चढवणार? हाच घे."

"अगं, याच्या पट्ट्या कागदासारख्या आहेत. तो बघ, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, अगदी हॉटेलातल्या पियानोसारख्या जड! बोटं कशी नाचतायत बघ!"

"आणि उम्म शाहीन?"

"वहिनी, हेडफोन लावला की सूर फक्त यांच्या कानात," दुकानदार म्हणाला. "खाली मुंगीलासुद्धा पत्ता लागायचा नाही."

जडच घेतला. चौथ्या दिवशी उम्म शाहीनने सलवाला जिन्यात गाठलं.

"काय गं, रोज संध्याकाळी उखळात किब्ब्यांचं मांस धपाधप कुटता आणि एक ताटली खाली येत नाही? आम्ही काय परके?"

सूर नखलेच्या कानात राहत होते खरे, पण जड पट्ट्यांचे दणके फरशीतून सरळ खाली उतरत होते.

"आज पाठवणारच होते," ती म्हणून गेली.

मग काय, जितका रियाज तितके किब्बे. उखळ घरात नव्हतंच. खाटकाकडून मशीनवर दळलेलं मांस आणायचं, दलिया मिसळायचा आणि ताटली खाली पोचवायची.

"आज दोन तास वाजवलंस," सलवा करवादली. "दीड किलो लागलं!"

"हातकुटीची चव मशीनला नाही हो यायची!" उम्म शाहीन गल्लीभर सांगत सुटली.

शुक्रवारी ती कृती शिकायला थेट वर आली. नखले हेडफोन लावून, डोळे मिटून तल्लीन झालेला. ओट्यावर खाटकाची पिशवी. तिने पियानो पाहिला, पिशवी पाहिली आणि सगळा उलगडा होऊन कपाळावर हात मारला.

"उम्म शाहीन, सामान उद्याच हलवतो," सलवा रडकुंडीला आली.

"सामान गेलं खड्ड्यात! मशीनचे खाऊ घातलेत मला? रविवारी विहीणबाई येतायत हातकुटीचे खायला! आता मी तोंड कुठे लपवू?" तिची नजर पुन्हा पियानोवर गेली. मग हळूच म्हणाली, "रविवारी तो किती वाजता वाजवेल?"

रविवारी सलवा खाली वाढायला होती. वरून हॉटेलात वाजवायची अख्खी धून दणदणत उतरत होती. विहीणबाईंनी घास तोंडाशीच थांबवला.

"काय हात आहे हो कुटणारीचा! मघापासून ऐकतेय, एक ठोका चुकेल तर शपथ!"

सलवाला इतका आनंद झाला, की ती किब्ब्यांची परात तशीच हातात घेऊन नखलेला हे सांगायला वर धावत सुटली.